अतिक्रमण कोणाचें?

शहराची मांडणी हा इंजिनियरांचा विषय, त्यांत नीतीची चर्चा कशाला, असें पुष्कळ सुशिक्षितांस वाटतें. आम्हांस तसें वाटत नाहीं. गटार किती रुंद असावें हें गणितानें ठरतें. परंतु गटारांत न मावणारें पाणी कोणाच्या घरांत शिरूं द्यावें, हें गणितानें ठरत नाहीं.

मुंबईचेंच उदाहरण घेऊं. तेथील जुनीं पावसाळी गटारें तासाला २५ मिलिमीटर पाऊस पडेल व त्यांतला अर्धा जमिनींत मुरेल, अशा हिशेबानें बांधलेलीं होतीं. 'अर्धा मुरेल' या शब्दांकडे आम्ही वाचकांचें लक्ष वेधूं इच्छितों. ती उघड्या जमिनीवर टाकलेली भिस्त होती. पुढें अंगणें, मैदानें, खाजणें यांवर फरशी व काँक्रीट पसरलें. हिशेब मात्र जुनाच राहिला. तासाला ५० मिलिमीटर पाऊस धरावा व मुरण्याची आशा सोडावी, असें १९९३ सालच्या अहवालानें सुचविलें होतें. त्याची अंमलबजावणी रेंगाळत असतांनाच २६ जुलै २००५ उजाडला. त्या चोवीस तासांत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, आणि त्याच शहरांत कुलाब्यास शंभरही झाला नाहीं! हवा एका अंशानें तापली कीं तिच्यांत सुमारें सात टक्के अधिक बाष्प मावतें. तेव्हां असा दिवस पुन्हां येणार नाहीं, असें धरून चालणें शहाणपणाचें नव्हे.

ऐपतदार मनुष्य आपलें जोतें दोन हात उंच करतो. त्याला दोष कोण देईल? परंतु त्यामुळें पाणी नाहींसें होत नाहीं. तें शेजाऱ्याच्या उंबऱ्याशीं जातें, आणि ज्याला जोतेंच नाहीं त्याच्या घरांत सर्वांचें मिळून शिरतें.

असा मनुष्य मिठी नदीच्या कांठीं राहतो. पूर आला कीं त्याच्या झोपडीकडे बोट दाखवून 'अतिक्रमण' हा शब्द उच्चारण्यांत येतो. शब्द खोटा नाहीं. किंबहुना त्याला तेथेंच राहूं द्या असें म्हणणें म्हणजे दयेच्या नांवाखालीं त्याला पुराच्या स्वाधीन करणें होय. परंतु त्याच नदीवरून विमानतळाची धावपट्टी गेली आहे, आणि तिच्याच कांठचीं खाजणें भरून वांद्रें-कुर्ला संकुलाच्या काचेच्या इमारती उठल्या आहेत. त्यांस आपण विकास म्हणतों, कारण त्यांचे नकाशे मंजूर होते. नदीच्या हिशेबीं दोन्ही भरावच.

झोपडीवाल्याला उठवायचें तर त्याचें नवें घर कोठें व कोणाच्या खर्चानें, हें आधीं ठरलें पाहिजे. तानसा जलवाहिनीलगतच्या कुटुंबांस माहुल येथें तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या शेजारीं घरें देण्यांत आलीं. तेथील हवेविषयींची तक्रार उच्च न्यायालयापर्यंत गेली, आणि त्यांस अन्यत्र घर अथवा भाडें द्यावें, असा आदेश न्यायालयास २०१९ सालीं द्यावा लागला. आमच्या मतें भरावाच्या जमिनीवर ज्यांनीं लाभ मिळविला त्यांनींच हा खर्च सोसावा, व घर कामाच्या ठिकाणाजवळ द्यावें. तेथील जमीन त्यासाठीं फार महाग आहे, असा आक्षेप निघेल. ती खाजण होती तेव्हां तिचें मोल कोणी फारसें विचारीत नव्हतें.