आपल्याला नीतिमान कोण ठरविणार?



सेलूच्या बाजारात एखादा ख्रिस्ती स्नेही तुम्हाला विचारील, "तुम्ही धम्म घेतला, पण देवासमोर नीतिमान कसे ठरणार?" या प्रश्नाला हसू नका. आधी त्याचे म्हणणे नीट समजून घ्या.

ख्रिस्ती धर्म सांगतो की, देवाच्या न्यायासनापुढे कोणीही माणूस स्वतःच्या बळावर निर्दोष ठरत नाही. येशूने वधस्तंभावर माणसांच्या पापांचा दंड सोसला. त्याच्यावर जो विश्वास ठेवतो त्याला देव कृपेने नीतिमान ठरवितो. पौलाच्या रोमकरांस पत्रात हा विचार आहे. सोळाव्या शतकात याच प्रश्नावर मार्टिन ल्यूथरचे रोमच्या चर्चशी बिनसले. १९९९ साली कॅथलिक व ल्यूथरपंथी यांनी त्यावर संयुक्त निवेदन केले. विश्वास ठेवला की वाटेल तसे वागावे, असे मात्र तेही म्हणत नाहीत. कृतीवाचून विश्वास निर्जीव आहे, असे याकोबाचे पत्र बजावते.

आपला मार्ग येथे वेगळा होतो. धम्मात न्यायासनावर बसलेला देव नाही. म्हणून दुसऱ्याचे पुण्य आपल्या खात्यावर मांडणाराही कोणी नाही. तथागत मार्गदाते आहेत, मोक्षदाते नाहीत, हे बाबासाहेबांनी 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात स्पष्ट केले आहे. अंगुलीमाल भिक्खू झाला, तरी श्रावस्तीत भिक्षेला गेला असता त्याला दगड लागले, डोके फुटले. तथागतांनी त्याला ते सोसायला सांगितले. केलेले पुसले गेले नाही. पण माणूस बदलला होता.

आता हाच प्रश्न स्वतःला विचारा. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेबांनी २२ प्रतिज्ञा दिल्या. चोरी, खोटे बोलणे, व्यभिचार, दारू यांचा त्याग त्यांत आहे. दीक्षा घेतली, भिंतीवर तसबीर लावली, की आपण शुद्ध झालो असे मानणे म्हणजे कृपेवरच विसंबणे होय. दारू पिऊन घरी येणाऱ्या, बायकोवर हात उगारणाऱ्या उपासकाला कोणती दीक्षा वाचविणार?

तेव्हा त्या स्नेह्याला आदराने सांगा, "आमचा निवाडा करणारा वर कोणी नाही. आम्ही कसे वागतो ते आमची बायको-मुले, शेजारी आणि आमचे मन जाणते." आणि हे सांगण्यापूर्वी आज रात्री घरच्यांना विचारून पाहा, ते काय साक्ष देतात.

जयभीम!