पैंजण आणि पटांगण

आमच्या वऱ्हाडात 'का' असे कुणी विचारत नाही. 'काहून' असे विचारतात. 'का' झटकन संपतो. 'काहून' थोडा लांबतो, आणि विचारणारा उत्तर मिळाल्याशिवाय हलणार नाही, हे त्या लांबण्यातूनच कळते. लहान मुलाच्या तोंडी हा शब्द आला की मोठ्या माणसांची पंचाईत होते. ही पंचाईत मी दोन्ही बाजूंनी पाहिली आहे.

माझे माहेर अकोल्याचे. लहानपणी माझ्या पायांत चांदीच्या तोरड्या होत्या. अंगणात लंगडी खेळताना त्या घोट्यावर आपटत आणि संध्याकाळी तिथे लाल वळ उठे. लपाछपीत तर मी हमखास पहिली सापडे. श्वास रोखून धरता येतो, घुंगरू रोखून धरता येत नाही. एकदा मी आजीला म्हटले, "खेळताना मी ह्या काढून ठेवते."

"पायातलं काढाचं नसते."

"काहून?"

"म्या सांगतलं म्हून."

यावर मला बोलता आले नाही. पुढे मोठेपणी या दागिन्याची कारणे निरनिराळ्या तोंडांनी ऐकली. रांगत्या बाळाच्या पायांतले वाळे चुलीपाशी बसलेल्या आईला सांगतात की बाळ कुठवर पोहोचले. नव्या सुनेच्या पैंजणांनी वडीलधाऱ्यांना तिची चाहूल लागते आणि ते सावरून बसतात. पण ती घरात कुठे आहे, कुठे नाही, हेही त्याच आवाजाने कळते. एकाच घुंगरात माया आणि पहारा दोन्ही वाजतात. त्यांत माया किती आणि पहारा किती, याची फोड कुठल्याही सोनाराच्या मुशीत होणार नाही.

पुढे मी अमरावतीला आले आणि शिक्षिका झाले. हे गाव पटांगणाचे. १९१४ साली वैद्य बंधूंनी येथे स्थापन केलेल्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी कबड्डीसारखे आपले देशी खेळ तेथे नेऊन दाखवले. बायकांचा मार्ग मात्र अधिक लांबचा होता. आशियाई खेळांत पुरुषांची कबड्डी १९९० साली बीजिंगला आली. स्त्रियांची यायला २०१० साल उजाडावे लागले. त्या वर्षी ग्वांगझूला आपल्या मुलींनी पहिले सुवर्णपदक आणले. म्हणून शाळेतल्या मुलींना कबड्डी शिकवण्याचे काम माझ्याकडे आले, तेव्हा मला थोडा अभिमानच वाटला.

त्या मुलींत आठवीतली एक मुलगी फार चपळ होती. चढाईला गेली की पाण्यातल्या मासोळीसारखी निसटून परत येई. तिच्या पायांत तोरड्या होत्या. मी पहिल्याच दिवशी सांगितले, "काढ त्या."

"काहून, बाई?"

"मी सांगते म्हणून. नियम आहे तसा."

तिने त्या काढल्या नाहीत. चार दिवस ती पटांगणाच्या कडेला कडुलिंबाखाली बसून इतर मुलींचा खेळ पाहत राहिली. मी तिला हट्टी ठरवून मोकळी झाले. पाचव्या दिवशी रात्री वह्या तपासताना माझे मलाच ते वाक्य ऐकू आले, आणि तो आवाज माझा नव्हता, अकोल्याच्या आजीचा होता. आजी 'घाल' म्हणत होती, मी 'काढ' म्हणत होते. मधल्या काळात माझ्या मते आम्ही बायका कितीतरी पुढे आलो होतो. पण आजीच्या 'घाल'मध्ये आणि माझ्या 'काढ'मध्ये त्या मुलीला काय फरक दिसणार होता? दोन्ही वेळा पाय पोरीचा आणि हुकूम दुसऱ्याचा!

फरक असलाच तर तो कारणात होता, आणि कारण तर मी सांगितलेच नव्हते.

दुसऱ्या दिवशी मी तिला मैदानात बोलावले. म्हटले, "ये चढाईला, तोरड्यांसकट ये." ती आली. मी वाकून तिचा घोटा धरला. कबड्डीत हीच तर पकड असते. तिने सवयीने जोराने पाय ओढला, आणि तोरडीच्या फाशाची कड माझ्या तळहातावरून ओरखडत गेली. रक्त फार आले नाही, दोन थेंब आले. पण ती पोर चपापून माझ्या हाताकडे पाहत राहिली.

मी म्हटले, "कबड्डीत खेळाडूची नखेसुद्धा कापून घेतात, ती एवढ्यासाठी. तुझा पाय तुझा आहे. पण या खेळात तो दुसऱ्याच्या हाती जातो."

मला वाटते, साऱ्या प्रश्नाची गाठ इथे आहे. १९८८ साली अमेरिकेच्या फ्लॉरेन्स ग्रिफिथ-जॉयनरने शंभर मीटरचे अंतर १०.४९ सेकंदांत तोडले. तो विक्रम आजही उभा आहे. तिची लांबलचक, रंगवलेली नखे जगभर गाजली आणि त्यांवर कुणी हरकत घेतली नाही. धावण्याच्या शर्यतीत प्रत्येकाची पट्टी वेगळी आखलेली असते. तिथल्या शृंगाराचा ताप झालाच तर ज्याचा त्याला. तीच नखे घेऊन ती कबड्डीच्या मैदानावर आली असती, तर तिला रेघेबाहेरूनच परत पाठवले असते. फुटबॉलचा नियम तर याहून कडक आहे. तिथे दागिन्यावर पट्टी चिकटवून खेळण्याचीही सोय नाही, तो काढूनच ठेवावा लागतो. म्हणजे दागिना वाईट, असे कुणीच म्हणत नाही. जिथे अंगाला अंग भिडते, तिथे माझी हौस दुसऱ्याच्या कातडीवर उठता कामा नये, एवढेच म्हणणे आहे. हे म्हणणे पोरीला समजण्याजोगे होते. मी ते सांगितले नव्हते, कारण हुकूम सोडणे सोपे असते.

दुसऱ्या दिवशी ती अनवाणी, मोकळ्या पायांनी आली. हातात रुमालाची पुरचुंडी होती. "आईनं पेच काढून देल्ला. तुम्ही सांभाळा, बाई," म्हणाली. मी ती पुरचुंडी मुठीत धरून कडेला उभी राहिले. ती धावत होती आणि घुंगरे माझ्या मुठीत वाजत होती.

गोष्ट इथे संपली असती तर मला बरे वाटले असते. पण कारणाची एक खोड आहे. हुकूम फक्त खालच्याला बांधतो; कारण एकदा सांगितले की ते सांगणाऱ्यालाही बांधते. खेळ संपल्यावर दुसऱ्या एका मुलीने विचारले, "बाई, मंग पोराइच्या हातातल्या कड्याइचं काय?" पलीकडच्या मैदानात मुलगे मनगटांत जाड कडी घालून खुशाल एकमेकांना भिडत होते. मी त्यांच्या सरांशी बोलेन म्हटले, आणि बोललेही. पण मुलींच्या नजरा अजून खालीच होत्या. त्या माझ्या पायांच्या बोटांकडे पाहत होत्या. चढाई करून दाखवताना मी रोज त्यांच्यात अनवाणी शिरत होते, आणि माझ्या बोटांत जोडवी होती.

त्या दिवशी मी कचेरीतून बिस्किटांचा एक रिकामा पत्र्याचा डबा मागून आणला. त्यात पहिली माझी जोडवी पडली, मग तोरड्या, मग बांगड्या. मुलांची कडी सर्वांत शेवटी आली, तीही बरीच कुरकुर होऊन. खेळ झाला की ज्याचे त्याने मोजून घ्यायचे आणि कुलपाची किल्ली माझ्याकडे. जो उतरवायला सांगतो, त्याने सांभाळण्याचेही पत्करले पाहिजे.

एका संध्याकाळी घाईत जोडवी डब्यातच राहिली. घरी पाय धुताना सासूबाईंचे लक्ष गेले. मी सारे कारण नीट सांगितले. नखांचे, कातडीचे, पोरींचे. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "समदं खरं हाय तुहं. पण रिकामी बोटं पाहून मले धस्सं झालं."

याला माझ्याजवळ उत्तर नव्हते. कारणाला कारणाने उत्तर देता येते. भीतीला देता येत नाही, आणि त्या भीतीत माझ्या नवऱ्याच्या आयुष्याची काळजी होती. मी त्यांच्याशी वाद घातला नाही. अजूनही मैदानात पाऊल टाकण्यापूर्वी जोडवी काढते आणि घराच्या उंबरठ्याआधी आठवणीने घालते. पहिली गोष्ट पोरींसाठी, दुसरी सासूबाईंसाठी. मधल्या त्या तासाभरात माझे पाय फक्त माझे असतात. ते तसे असायला मला इतकी वर्षे लागली. त्या आठवीतल्या पोरीला एक दिवस लागला.