यंत्राचा मृदंग आणि हाताचे ऋण

सांप्रत घरोघरी अभंगांचे ध्वनिमुद्रण होऊ लागले आहे. महाड-पोलादपूरच्या वाड्यांतून मुंबईस गेलेली माणसे गणपती-शिमग्याला गावी येतात, तेव्हा भजनाचा मेळ जमतो. एरवी गाणारा असतो तर पखवाजी नसतो. मग गाणारा आपला गळा मोबाईलमध्ये भरतो आणि मृदंग संगणकाकडून मागून घेतो. ही तरुण मंडळी आम्हांस विचारतात, "महाराज, ठेका यंत्राचा आहे हे कळू नये, असं काय करावं?" प्रश्न वाद्याचा दिसतो खरा, पण त्यातल्या 'कळू नये' या दोन शब्दांत धर्माचा प्रश्न दडलेला आहे.

काही वृद्ध मंडळी म्हणतील, नक्कल ती नक्कल, देवापुढे नकोच. वाचकहो, इतके सोपे ते नाही. भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात पुष्करवाद्यांच्या जन्माची कथा आहे. स्वातिमुनी पावसाळ्यात तळ्यावर पाणी आणायला गेले. सरींचा मारा कमळाच्या पानांवर होत होता. मोठ्या, मधल्या आणि लहान पानांवर निरनिराळा नाद उठत होता. तो मनात धरून ते आश्रमात आले आणि विश्वकर्म्याच्या साहाय्याने वाद्ये घडविली. म्हणजे मृदंगाचे कूळच अनुकरणात आहे! मग मृदंगाची नक्कल यंत्राने केली, म्हणून कानांवर हात का ठेवावेत? शिंपला रुप्यासारखा चमकतो, यात शिंपल्याचा अपराध नाही. तो रुपे म्हणून विकणाऱ्याकडे बोट दाखवावे.

आता ठेका जिवंत कशाने होतो, हे पाहू. नुसते बोल मात्रेवर काटेकोर बसविले की तो गिरणीच्या पट्ट्यासारखा चालतो. माणसाचा हात तसा चालत नाही. जर्मन संशोधक होल्गर हेनिग व त्यांच्या सहकाऱ्यांनी घाना देशातील पद्धतीने वाजविणाऱ्या एका वादकाचे वादन मोजून २०११ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. तालाच्या ठोक्यापासून निष्णात हातही सेकंदाचा शंभरावा-पन्नासावा भाग मागेपुढे होतो. पण हे मागेपुढे होणे पिसाट नसते. आत्ताची ढिलाई पुढच्या पुष्कळ आघातांशी धागा राखून असते. ऐकणाऱ्यांनाही अशीच चूक गोड वाटली, सोंगट्या टाकल्यासारखी वाटेल तशी घातलेली नव्हे. म्हणून यंत्रात 'थोडे वेडेवाकडे कर' अशी कळ दाबून काम भागत नाही.

आमचे सांगणे असे, की आधी गळा भरावा, टाळ धरून. ठेका त्याच्यामागून बसवावा. पुष्कळ जण आधी ठेका लावतात आणि त्याच्या दावणीला अभंग बांधतात. मग गजराला चढणारी लय चढतच नाही. भजनी ठेक्याची आठ मात्रांची आवर्तने एकसारखी पुन्हा पुन्हा चिकटवू नयेत. समेचा आघात भरदार असावा, मधले बोल हलके. गाणारा श्वास घेतो तिथे डाव्या हाताचा घुमारा तेवढा लांबू द्यावा, बाकी गप्प राहावे. डाव्या तोंडावर कणीक लावलेली असते. ती वाळत जाते तसा तिचा आवाज बदलत जातो. उजवीकडे लोहचूर्णाची शाई. आषाढातल्या कोकणच्या दमट हवेत कातडे सैल पडते, आणि पखवाजी गठ्ठे ठोकून स्वर पुन्हा वर आणतो. हे सारे ज्याने डोळ्यांनी पाहिले नाही, त्याचा यंत्रातला मृदंग कोरडाच राहणार. शिकायचेच असेल तर आठ दिवस एखाद्या पखवाज्याशेजारी बसावे. यंत्राची पुस्तके नंतर वाचावीत.

परंतु गंमत पुढेच आहे. यंत्रातला हा आवाज यंत्राचा असतो कुठे? अमेरिकेत रॉजर लिन यांनी १९८० साली आणलेल्या यंत्रात खऱ्या ढोलताशांसारख्या वाद्यांचे आघात ध्वनिमुद्रित करून भरलेले होते. आजही तीच रीत. कोणा वादकाला बसवून त्याचा 'धा', 'ता', 'दिं' एकेक करून हलका, मध्यम, जोरकस असा टिपून घेतात. ठेका जितका खरा वाटतो, तितका त्यात कोणा माणसाचा हात अधिक. आणि 'कळू नये' म्हणजे तोच हात झाकणे झाले!

महाडच्या माणसाला हे निराळे समजावून द्यायला नको. शास्त्रात मृदंगाला अवनद्ध म्हणतात, म्हणजे कातड्याने मढविलेले. मृदंग आम्ही देवापुढे ठेवतो, त्याला हळदकुंकू वाहतो. पण चामड्याचे काम ज्यांच्या वाट्याला आले, त्या ढोर-चर्मकारांना अस्पृश्य ठरवून चवदार तळ्याच्या पायऱ्या बंद होत्या. कातडे गाभाऱ्यापर्यंत चालले, ते कमावणारा हात पाण्याला चालला नाही. १९२३ साली मुंबई विधिमंडळात बोले यांचा ठराव झाला, १९२४ साली महाड नगरपालिकेने तळे खुले ठरविले; तरी २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आपल्या लोकांसह ओंजळीने पाणी प्याले तेव्हा त्यांच्या माणसांना मार खावा लागला. मागाहून तळ्याची 'शुद्धी' केली, १०८ घागरी आणि पंचगव्य घालून. त्या वेळी म्हटलेले मंत्र आम्ही ज्या विद्येत वाढलो तिच्यातलेच होते, हे आम्हां शास्त्र शिकलेल्यांना बोलून दाखविले पाहिजे. उच्च न्यायालयाचा निकाल लागायला १९३७ साल उजाडले.

कुठे तो अन्याय आणि कुठे घरातले ध्वनिमुद्रण, असे कोणी म्हणेल. मापात तुलना नाहीच. पण वस्तू घ्यायची आणि माणूस पुसून टाकायचा, ही खोड एकच आहे, आणि ती लहान असतानाच धरावी लागते.

तेव्हा ठेका खुशाल हुबेहूब करा. मात्र अभंग चार लोकांत धाडताना गायकाच्या नावाखाली स्पष्ट लिहा: मृदंग संगणकावर रचलेला, मूळ बोल अमुक वादकाचे, जुळणी अमक्याची. जुळणी करणाऱ्यानेही रात्र जागून काढलेली असते, त्याला का वगळावे? बोल विकत घेतले असतील तर विकणाऱ्याकडे वादकाचे नाव मागावे, आणि त्याला काही पोहोचते का, हेही विचारावे. नाव मिळालेच नाही तर 'वादकाचे नाव मिळाले नाही' एवढी ओळ घालावी. आणि गावात पखवाजी असेल, म्हातारा का असेना, तर आधी त्याच्या दारी जाऊन 'येता का' म्हणून विचारावे. येण्याजाण्याचा खर्च आणि बिदागी किती, हे त्याच्यापुढे ठरवून मगच संगणक उघडावा.