वजन, पाप आणि आपला निवाडा

स्थूल मनुष्य समोर आला, की आपण मनोमन निवाडा देऊन मोकळे होतो : ह्याचा जिभेवर ताबा नाही! खादाडपणा हे सात प्रमुख पापांपैकी एक. तेव्हा वाढलेले वजन म्हणजे त्या पापाचा उघड पुरावाच, अशी आपली समजूत असते. ती कितपत न्याय्य आहे?

सहाव्या शतकात पोप संत ग्रेगरी ह्यांनी खादाडपणाची पाच रूपे सांगितली : अवेळी खाणे, उंची पदार्थांचा हव्यास, चोचले, अतिरेक आणि अधाशीपणा. संत थॉमस अक्वायनस ह्यांनीही पुढे तीच मांडणी स्वीकारली. तीत देहाच्या आकाराचा उल्लेख नाही. सडपातळ मनुष्यही खादाड असू शकतो. उलट आनुवंशिकता, काही औषधे, बैठे काम ह्यांमुळे अधाशी नसलेल्याचेही वजन वाढते.

मग देहाची काळजी घेणे हे आपले कर्तव्य नव्हे काय? आहेच, देह हे ईश्वराचे दान आहे. प्रश्न एवढाच, की ते कर्तव्य शिकवावे कसे?

अमेरिकेतील मधुमेह-प्रतिबंध कार्यक्रमाचे निष्कर्ष २००२ साली प्रसिद्ध झाले. वजन अधिक असलेले आणि मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेले ३,२३४ प्रौढ त्यात होते. त्यांपैकी एका गटाला मार्गदर्शकांनी व्यक्तिशः १६ पाठ दिले आणि पुढेही संपर्क ठेवला. ध्येय माफक होते : वजनात ७ टक्के घट आणि आठवड्याला १५० मिनिटे चालण्यासारखा व्यायाम. औषधहीन गोळी घेणाऱ्या गटाच्या तुलनेत ह्या गटात नव्याने मधुमेह होण्याचे प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी राहिले; मेटफॉर्मिन घेणाऱ्या गटात ३१ टक्क्यांनी.

लक्षात घ्यावे ते असे, की औषधहीन गोळी घेणाऱ्यांनाही आहार-व्यायामाची लेखी माहिती आणि वर्षातून एकदा सल्ला मिळत होता. उणीव होती ती सातत्याच्या सोबतीची. जे करावेसे वाटते ते हातून घडत नाही, ही संत पौलाची रोमकरांस दिलेली कबुली आपणा सर्वांचीच नव्हे काय?

आपण मात्र ताटात आग्रहाने वाढतो आणि नंतर पोटाकडे बोट दाखवतो. त्याऐवजी रविवारच्या मिस्सानंतर त्या शेजाऱ्याबरोबर अर्धा तास चालावे. निवाडा देण्यापेक्षा ते अवघड आहे. परंतु शेजारधर्म तोच आहे.