प्रमाद आणि ब्रेक

हिंसेचा विचार करताना आपण सहसा क्रोध, द्वेष आणि शस्त्र यांच्यापाशीच थांबतो. परंतु जैन आचार्य उमास्वातींनी ‘तत्त्वार्थसूत्रा’त हिंसेची व्याख्या करताना प्रमादाकडे, बेसावध वृत्तीतून होणाऱ्या प्राणघाताकडे, बोट दाखविले, आणि जैन मुनींच्या आचारात पुढची भूमी निरखून पाऊल टाकण्याच्या ईर्यासमितीला अहिंसेच्या रक्षणाचे स्थान मिळाले. हा सूक्ष्म विचार सायकलवर बसलेल्या मुलाला लागू पडतो काय? माझ्या मते तो पुरेपूर लागू पडतो.

नेदरलँड्समध्ये शाळकरी मुलांची रहदारीची परीक्षा घेतली जाते. तिच्यात लेखी भाग असतो, प्रत्यक्ष रस्त्यावरचा असतो, आणि सायकलीचे ब्रेक व दिवे यांची रीतसर तपासणीही होते. ही तपासणी मला सर्वांत मोलाची वाटते. जे मूल ब्रेकची झिजलेली रबरे स्वतः बदलते, तारेचा ताण जुळविते, चाकाचा आउट काढते, ते ज्याचे तोंडही त्याने पाहिलेले नाही आणि जो कदाचित कधी भेटणारही नाही, अशा वाटसरूच्या प्राणाची काळजी वाहत असते. दंडाच्या धाकाने पाळलेल्या कायद्याला ही कोटी गाठता येत नाही.

एकेकाळी सायकलींचे शहर म्हणून ख्यात असलेल्या पुण्यात सायकलदुरुस्तीची ही विद्या बहुतांशी दुकानात उमेदवारी करणाऱ्या पोरांकडेच राहिली, याची मला मनापासून खंत वाटते. नीतिशिक्षणाच्या तासाला पान्हा आणि पंक्चरचे सामान वर्गात आणावयास शाळांनी आता संकोच करू नये.