लेकराच्या नावाने

शास्त्रपाठ : १ राजे ३ : १६–२८



शलमोन राजापुढे दोन स्त्रिया एका बाळासाठी भांडत आल्या. दोघींच्या मुखी बाळाचेच नाव होते. मग खरी आई राजाने कशी ओळखिली? बोलण्यावरून नव्हे. तरवार पुढे येताच बाळ वाचावे म्हणून एकीने आपला हक्क सोडिला. दुसरीला बाळ दुभागले तरी चालत होते. ते शेजारणीस मिळू नये, एवढेच तिला पाहिजे होते.

लेकराचे नाव निघताच ऐकणाऱ्याचे काळीज द्रवते. देवाने आम्हांस तसेच घडविले आहे, आणि म्हणूनच त्या नावाचा दुरुपयोग करणे हे मोठे पाप होय. सन १९९० त इराकने कुवेत घेतल्यावर, १० आक्टोबर रोजी अमेरिकेच्या काँग्रेसमधील काही सभासदांपुढे एका १५ वर्षांच्या मुलीने अश्रू ढाळीत सांगितले की, शिपायांनी नवजात बाळांना ऊब देणाऱ्या पेट्यांतून काढून थंड जमिनीवर मरावयास टाकिले. ही गोष्ट राष्ट्राध्यक्षांनी वारंवार सांगितली, आणि जानेवारी १९९१ त युद्ध सुरू झाले. पुढे १९९२ त उघड झाले की, ती मुलगी कुवेतच्या अमेरिकेतील वकिलाचीच कन्या होती. आणि चौकशीत त्या गोष्टीस आधार सापडला नाही. कुवेतात जुलूम झाला हे खरेच. परंतु अशा एका कथेमुळे उद्या खऱ्या पीडित लेकराच्या रडण्यावरही लोक विश्वास ठेवीत नाहीत. ही हानी कोण भरून देईल?

हे पाप दूरदेशीचेच नव्हे. गावात विहिरीचा किंवा शाळेच्या जागेचा तंटा निघाला की, “आमच्या लेकरांचे काय होईल?” असे कोणी म्हणतो आणि सभा निरुत्तर होते. आम्ही पाळकांनीही वर्गणीसाठी उपदेशपीठावरून असे केले आहे, हे लज्जेने कबूल करितो.

तर मग लेकरांसाठी बोलूच नये काय? अवश्य बोलावे, लहानग्यास अडखळविणाऱ्याविषयी प्रभूने कठोर इशारा दिला आहे. परंतु आधी आपल्या मनास तीन प्रश्न विचारावे. सांगतो ते खरे आहे काय, आणि ते कोणी पाहिले? तंटा निघण्यापूर्वी त्या लेकराची आम्ही कधी विचारपूस केली काय? आणि त्याच्या हितासाठी आम्हांस हरावे लागले, तर आम्ही हरू काय?

शेवटल्या प्रश्नास जो “होय” म्हणतो, तोच त्या खऱ्या आईच्या बाजूस उभा आहे. प्रभूने लेकरांना कवेत घेऊन आशीर्वाद दिला. वादात जिंकण्यासाठी त्यांस पुढे केले नाही. तीच प्रीती तो आम्हां सर्वांस देवो. आमेन.