निकाल ज्याच्या हातात, त्याच्यावर बाजार नको

टेनिसच्या सामन्यांवर पैसे लावू देणाऱ्या मंचांची तुलना आता सर्रास होते. काल्शीवर शुल्क किती, पॉलीमार्केटवर पैसे किती लवकर हाती येतात, बेटफेअरवर भाव कसा मिळतो, कोणता देश परवानगी देतो आणि कोणता अडवतो, एवढ्यावर ती संपते. कायद्याच्या जाणकारांची चर्चा याहून गंभीर असते, पण तीही एकाच प्रश्नाभोवती फिरते: हा वायदा मानायचा की जुगार? आपल्याकडे कौशल्य की नशीब या वादात दशके गेली. हे दोन्ही प्रश्न मला दुय्यम वाटतात. ज्या घटनेवर पैसे लागतात तिचा निकाल एखाद्या माणसाला एकट्याने घडवता येतो का, हा पहिला प्रश्न आहे.

नियमांचे चित्र थोडक्यात असे. अमेरिकेत काल्शीला वायदे बाजार आयोगाची मान्यता २०२० मध्ये मिळाली आणि जानेवारी २०२५ पासून तिने खेळांवरचे करार सुरू केले. नेवाडा, न्यू जर्सी, मेरीलँड या राज्यांनी हा आपल्या परवान्याविना चाललेला जुगार आहे असा आक्षेप घेतला आणि न्यायालयांनी परस्परविरोधी निर्णय दिले. पॉलीमार्केटला नोंदणीविना व्यवहार चालवल्याबद्दल २०२२ मध्ये १४ लाख डॉलरचा दंड झाला होता. ब्रिटनमध्ये बेटफेअर २००० पासून चालते. तिथला कायदा या व्यवहाराला सरळ जुगार मानतो आणि संशयास्पद पैजांची माहिती तिथल्या जुगार आयोगाला देण्याचे बंधन परवानाधारकावर घालतो. ऑस्ट्रेलियात सामना सुरू असताना ऑनलाइन पैज लावता येत नाही, फोनवरून लावता येते. भारताने ऑगस्ट २०२५ च्या कायद्याने पैशांचे सगळेच ऑनलाइन खेळ बंद केले, मग ते कौशल्याचे असोत वा नशिबाचे.

या बाजारांचे सर्वात भारदस्त समर्थन माहितीच्या नावाने केले जाते. हजारो लोकांकडे विखुरलेली माहिती भावात एकवटते, म्हणून हा भाव म्हणजे समाजाचे सामुदायिक ज्ञान आहे, असा हा युक्तिवाद. हायेक यांच्या १९४५ च्या निबंधाचा आणि १९८८ पासून निवडणुकांवर बाजार चालवणाऱ्या आयोवा विद्यापीठाच्या प्रयोगाचा दाखला हमखास दिला जातो. हा युक्तिवाद नीट तपासला पाहिजे, कारण त्याच्याच आडोशाने टेनिस या बाजारात आले आहे.

पहिली गोष्ट, हे ज्ञान कोणाच्या कामाचे? कापसाचा पुढचा भाव कळला तर शेतकरी आणि गिरणीमालक आपले व्यवहार बेततात. कुठल्याशा स्पर्धेच्या पहिल्या फेरीत कोण जिंकणार, हे दोन तास आधी कळल्याने कोणाचा कोणता निर्णय सुधारतो? प्रायोजकाला किंवा हॉटेलवाल्याला जोखीम झाकता येते असे उत्तर मिळते. तसे काही व्यवहार होतही असतील, पण पुढचा गेम कोण घेणार यावर पैसे लावून कोणता हॉटेलवाला जोखीम झाकतो, हे मला कोणी सांगितलेले नाही.

दुसरी गोष्ट अधिक मूलगामी आहे. ऑगस्ट २००७ मध्ये पोलंडमधील सोपोट येथे निकोलाय डाव्हिडेंको हा जागतिक क्रमवारीतील चौथा खेळाडू मार्टिन वासालो अर्ग्वेयोविरुद्ध खेळत होता. डाव्हिडेंकोने पहिला सेट ६-२ असा जिंकला, तरी बेटफेअरवर पैसा अर्ग्वेयोच्या बाजूने वाहत राहिला. तिसऱ्या सेटमध्ये डाव्हिडेंकोने दुखापतीमुळे सामना सोडला. बेटफेअरने त्या सामन्यावरच्या सगळ्या पैजा रद्द केल्या. दोन्ही खेळाडूंविरुद्ध कोणताही पुरावा मिळाला नाही आणि २००८ मध्ये ते निर्दोष ठरले, हे स्पष्ट नोंदवले पाहिजे. माझा मुद्दा खेळाडूंबद्दल नाही, भावाबद्दल आहे. माहितीवाद्यांच्या कसोटीने तो भाव उत्तम होता, कारण जे घडणार होते तेच त्याने सांगितले. तरीही बाजार चालवणाऱ्याला तो स्वीकारता आला नाही. म्हणजे अचूकता हा निकष पुरेसा नाही, हे बाजारानेच मान्य केले.

यावर माहितीवादी म्हणतात की आतल्या माणसांचे व्यवहार भावाला सत्याच्या जवळच नेतात. निवडणुकीच्या बाबतीत याचा विचार करता येईल, कारण तिथे निकाल लाखो मतदारांत वाटलेला असतो. एकेरी टेनिसमध्ये तो एका माणसाच्या मनगटात असतो. मोक्याच्या क्षणी दोन सर्व्हिस जाळीत मारल्या की गेम गेला, आणि त्या मुद्दाम मारल्या हे नुसता खेळ पाहून सिद्ध करता येत नाही. इथला आतला माणूस सत्य जाणत नाही, ते तयार करतो. त्याच्या पैशाने भाव अचूक होतो तो जगाबद्दल काही कळले म्हणून नव्हे, जग त्या भावासारखे वाकवले म्हणून.

ही भीती काल्पनिक नाही. टेनिस संघटनांनीच नेमलेल्या स्वतंत्र समितीने २०१८ मध्ये सांगितले की खेळाच्या खालच्या थरांत सचोटीचा गंभीर प्रश्न आहे. नावाला सुमारे १५ हजार व्यावसायिक खेळाडू आणि खर्च भागवण्याइतकी कमाई करणारे जेमतेम अडीचशे ते साडेतीनशे, ही विषमता तिने एका बाजूला मांडली. छोट्या स्पर्धांच्या क्षणोक्षणीच्या गुणांच्या माहितीची विक्री तिने दुसऱ्या बाजूला ठेवली. १५ हजार डॉलरच्या स्पर्धेत पहिल्या फेरीत हरणाऱ्याला जे मिळते, त्यात परतीचे तिकीटही निघत नाही. अशा खेळाडूच्या प्रत्येक गुणावर जगभर पैसे लावायची सोय करायची आणि नंतर त्याच्याच नीतिमत्तेवर प्रवचन द्यायचे, हे मला क्रूर वाटते.

जुगार मुळातच पाप आहे असे मानणाऱ्यांशी वाद घालण्यात अर्थ नाही. स्वतःच्या पैशाचे काय करायचे ते माझे मी ठरवीन, हा दावाही इथे अपुरा पडतो, कारण इथे विकत घेतला जाऊ शकतो तो तिसराच माणूस.

निकाल माणसाच्या हातात असणे आणि नसणे, हा भेद मुंबईच्या जुन्या सटोडियांना आपल्या विद्वानांपेक्षा जास्त कळला होता. एकोणिसाव्या शतकात इथे पावसावर सट्टा चाले, आणि १८९० मध्ये कायदा बदलून तो बंद करावा लागला. पुढे आकड्याचा धंदा उभा राहिला तो न्यूयॉर्कहून तारेने येणाऱ्या कापसाच्या भावांवर. लोकांची घरे या धंद्याने बुडवली, त्याचे समर्थन नाही. पण पाऊस कोणाला विकत घेता येत नव्हता आणि न्यूयॉर्कचा भाव मुंबईतल्या बुकीच्या हातचा नव्हता, म्हणूनच लोक त्यावर विसंबले.

अमेरिकेच्या वायदे कायद्यातही हा भेद आहे. सहज हातचलाखी करता येईल असा करार बाजाराने आणूच नये, असे तो सांगतो. अडचण अशी की नवा करार या अटीत बसतो हे प्रमाणपत्र बाजार स्वतःच देऊ शकतो. ग्रँड स्लॅमची अंतिम फेरी कोणी सहज विकणार नाही, हे मी मान्य करतो, कारण तिथे जिंकण्याचे मोल फार मोठे आहे. पण त्याच सामन्यातल्या एका गेमला ते लागू नाही आणि खालच्या स्पर्धांना तर मुळीच नाही.

भारताच्या बंदीनेही हा प्रश्न सुटत नाही. ती पैसे लावणाऱ्याचा खिसा वाचवते. पुण्यात किंवा सोलापुरात आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाची छोटी स्पर्धा भरते, तेव्हा तिथल्या कोर्टवरच्या मुलीवर पैसे लावणारा परदेशात बसलेला असतो, आणि तिच्यापर्यंत पोहोचणाऱ्या दलालाबद्दल हा कायदा काही बोलत नाही. सामनानिश्चिती हा स्वतंत्र गुन्हा करावा, अशी शिफारस विधी आयोगाने जुलै २०१८ मध्येच केली होती. केंद्र सरकारने ती आता अमलात आणावी. आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाने छोट्या स्पर्धांच्या गुणांच्या माहितीची विक्री बंद करावी. आणि कोणत्याही देशाच्या नियामकाने करार मंजूर करण्यापूर्वी एवढेच विचारावे की याचा निकाल एकट्या माणसाला विकता येतो का. उत्तर होय असेल, तर त्याला वायदा म्हणा वा पैज, तो बाजारात येता कामा नये.